माझा मायनर विषय आणि पप्पा

लंडनमधल्या ईलिंगच्या आमच्या घरात रविवार उजाडायचा तो तर्रीच्या वासाने. आठवडाभर पप्पा हॉस्पिटलच्या लॅबमध्ये लोकांच्या रक्ताचे नमुने तपासायचे, पण रविवारी सकाळी स्वयंपाकघर त्यांचं असायचं. काळे चणे आदल्या दिवशीच भिजत घातलेले असत. कांदा-खोबरं ते इतकं खमंग भाजत की धूर जिना चढून माझ्या खोलीपर्यंत यायचा आणि लँडिंगवरचा स्मोक अलार्म कोकलायला लागायचा. मग आई खुर्चीवर चढून टी-टॉवेलने त्याला वारा घालायची आणि खालून पप्पा ओरडायचे, "अगं, राहू दे, त्यालेही भूक लागली असन!" दर रविवारी हाच विनोद, आणि दर रविवारी आई नव्याने चिडायची. पोह्यांवर लालभडक तर्री ओतली की पहिला घास घेताना आम्ही तिघंही गप्प. घर हीथ्रोला उतरणाऱ्या विमानांच्या वाटेत होतं. एखादं विमान फार खालून गेलं की आम्ही बोलता बोलता थांबायचो आणि ते गेलं की अर्धवट सोडलेलं वाक्य तिथूनच पुढे चालू करायचो. आजही मी बोलताना मध्येच थांबते. नवरा विचारतो, काय झालं? काही नाही, म्हणते मी. आता राहते त्या घरावरून विमानं जातच नाहीत.

पोह्यांच्या आधी पुढच्या खोलीत बुद्धवंदना व्हायची. पप्पांचा आवाज जड, आईचा पातळ आणि नेहमी अर्धी मात्रा पुढे. मूर्तीशेजारी मोठेबाबांचा, म्हणजे पप्पांच्या थोरल्या भावाचा, फोटो होता. पांढरा शर्ट, तेल लावून चापून बसवलेले केस, फोटोवाल्याने सांगितलं म्हणून गंभीर केलेला चेहरा. ते शाळामास्तर होते आणि छातीच्या आजाराने तरुणपणीच गेले, एवढंच मला माहीत होतं. पप्पा त्यांच्याबद्दल बोलत नसत. मीही कधी विचारलं नाही. ज्याला आपण पाहिलेलंच नाही, त्याच्याबद्दल मुलांना फारसं कुतूहल नसतं.

मी कार्डिफला स्टॅटिस्टिक्स शिकायला गेले. त्या विद्यापीठात एक मेजर, म्हणजे मुख्य, आणि एक मायनर, म्हणजे जोडीचा, विषय घ्यावा लागे. मायनर म्हणून मी सायकॉलॉजी घेणार होते, पण तो वर्ग भरला होता. त्याच वेळेला शेजारच्या खोलीत दुसरा एक वर्ग होता, तिथे जाऊन बसले. विषय होता राष्ट्रीय सुरक्षा आणि गुप्तवार्ता. शिकवायला मिसेस प्रोबर्ट नावाच्या बाई होत्या. बुटक्या, करड्या केसांच्या, बारा महिने एकच हिरवा कार्डिगन घालणाऱ्या. त्या आधी बरीच वर्षं "सरकारी कामात" होत्या, आणि त्यापुढे कोणी काही विचारलं की खिडकीबाहेर बघून पावसाबद्दल बोलायच्या. पहिल्या दिवशी त्यांनी फळ्यावर एकच शब्द लिहिला, "बहुतेक". म्हणाल्या, तुमच्या मते याचा अर्थ किती टक्के खात्री, ते कागदावर लिहा. आम्ही लिहिलं. पंचविसापासून नव्वदपर्यंत उत्तरं आली. त्या म्हणाल्या, "एकाने 'बहुतेक' लिहिलं, दुसऱ्याने वाचलं, आणि दोघांच्या डोक्यात एवढं अंतर. या अंतरात माणसं पडतात." वर्गातली अर्धी मुलं हेरांच्या गोष्टी ऐकायला आली होती, ती पुढच्या आठवड्यात आली नाहीत. मी मात्र त्या दिवशी होस्टेलपर्यंत चालत गेले आणि पाऊस पडतोय हे मला दारात किल्ली काढताना कळलं. आकडे मला आवडायचेच. पण आकड्यांच्या पलीकडे कोणीतरी जिवंत माणूस बसलेलं असतं, हे मला आधी कोणी सांगितलं नव्हतं.

पुढच्या सुट्टीत घरी आल्यावर मी उत्साहाने हे सगळं पप्पांना सांगायला लागले. ते सिंकपाशी कढई घासत होते.

"म्हणजे लोकांच्या घरावर नजर कशी ठेवायची, ते शिकवून राहिले तुम्हाला?"

"नाही हो पप्पा. आलेल्या माहितीवर कितपत विश्वास ठेवायचा, ते शिकवतात."

"एकच झालं," म्हणाले, आणि नळ मोठा सोडला.

त्यांनी कधी विरोध केला नाही. पण महिन्यातून एकदा आमचे लोक एका भाड्याच्या कम्युनिटी हॉलमध्ये जमायचे, तिथे कोणी विचारलं की पप्पा सांगायचे, "आमची मित्रा स्टॅटिस्टिक्स करून राहिली." मायनरचं नावही नाही. मला ते लागायचं. मला वाटायचं, त्यांना लाज वाटते. आपल्या समाजातली मुलगी डॉक्टर नाही, वकील नाही आणि हे भलतंच काहीतरी शिकते, याची लाज.

शेवटच्या वर्षी मिसेस प्रोबर्टनी मला थांबवून घेतलं. एका सरकारी खात्याला आकड्यांत गती असलेली मुलं हवी होती. त्यांनी माझं नाव सुचवलं होतं. परीक्षा झाल्या, दोन मुलाखती झाल्या, आणि उरली ती पार्श्वभूमीची चौकशी. एक अधिकारी समोर बसवून घरादाराबद्दल, नातेवाइकांबद्दल सगळं विचारणार होता. मला ती नोकरी किती हवी होती ते आता लिहूनही पटायचं नाही. पैशासाठी किंवा मानासाठी नाही. त्या टेबलापाशी बसून कोणाला तरी 'तुम्हाला हे कसं कळलं?' असं विचारायचं होतं मला.

चौकशीच्या आधी मी ईलिंगला आले. आई म्हणाली, पप्पा अलॉटमेंटवर आहेत. रेल्वेलाइनच्या कडेला कौन्सिलने दिलेला भाजीचा तुकडा होता तो. इथल्या थंडीत पप्पांनी तिथे मेथी, कोथिंबीर आणि चक्क वाल पिकवले होते. मी पोचले तेव्हा ते काठ्यांना वेल बांधत होते. मी फ्लास्कमधला चहा ओतला आणि म्हणाले, "पप्पा, ते लोक घरच्यांबद्दल विचारतील. भारतात कोणी चळवळीत होतं का, कोणाला अटक झाली होती का. मी नाही म्हणून सांगते. बरोबर ना?"

त्यांनी गाठ मारून संपवली. मग म्हणाले, "नाही म्हणू नको."

आणि त्या वालाच्या वाफ्यापाशी, हातातला चहा निवून जाईपर्यंत, त्यांनी मला मोठेबाबांची गोष्ट सांगितली. नागपूरपासून थोडं लांब, तालुक्याचं गाव. त्याचं नाव इथे लिहीत नाही. मोठेबाबा दिवसा शाळेत शिकवायचे, संध्याकाळी वस्तीतल्या पोरांचा अभ्यास घ्यायचे, एका साप्ताहिकात लिहायचे आणि गायरान जमिनीसाठी लोकांना घेऊन तहसीलवर जायचे. त्यामुळे घरासमोरच्या सायकलच्या दुकानात साध्या वेशातला एक पोलीस रोज येऊन बसायला लागला. ठोंबरे त्याचं नाव. साध्या वेशातला असला तरी तो कोण आहे, हे साऱ्या गल्लीला माहीत होतं. पप्पांची आई, आम्ही तिला माय म्हणायचो, त्याला चहा पाठवायची. उन्हात बसतो बिचारा, म्हणायची. त्याने एकदा पप्पांच्या सायकलीत हवासुद्धा भरून दिली होती.

"मग दादाला मुलगा झाला," पप्पा म्हणाले. "त्याचं नामकरण होतं. वस्तीतले चाळीसेक लोक आले. लू सुटली होती, म्हणून माणसांनी आत बसून दार लावून घेतलं. आणि ठोंबरेनं लिहून दिलं, चाळीस माणसं, बंद दार, गुप्त बैठक. बाळाचं नाव ठेवायच्या आधी गाडी आली."

"मग?"

"पावसाळाभर आत ठेवलं दादाला. खटला नाही, काही नाही. सुटून आला तेव्हा शाळेतली नोकरी गेली होती आणि खोकला लागला होता. तो खोकला काही थांबला नाही मग."

त्यांनी मातीचे हात पँटला पुसले. "ठोंबरे वाईट माणूस नव्हता, मित्रा. रोज काहीतरी लिहून द्यावं लागे त्याला. ज्या दिवशी काही नसे, त्या दिवशीही."

"पप्पा, तुम्ही मला आधी का नाही सांगितलं? मी हा विषय घेतला तेव्हा?"

"तुले आनंद वाटून राहिला होता," ते म्हणाले. "दिसत होतं मले."

घरी परत निघताना त्यांनी फाटकाला कडी घातली आणि माझ्याकडे न बघता म्हणाले, "सगळं सांग त्या लोकांना. दादानं चोरून काही केलं नव्हतं. तू त्याला लपवू नको."

मी सांगितलं. लंडनमधल्या एका साध्याशा ऑफिसात, एका सभ्य, दमलेल्या गृहस्थांना. त्यांनी नीट ऐकलं. शेवटी विचारलं, त्या पोलिसाचा राग येतो का? मी म्हणाले, राग यावा इतकं मला त्याच्याबद्दल माहीत नाही. पण त्याच्या वरच्या माणसाने एकदा जरी त्याला विचारलं असतं की दाराच्या आत काय चाललंय हे तुला कसं कळलं, तर आमच्या घराची गोष्ट वेगळी झाली असती. त्यांनी मान डोलावली, माझे आभार मानले. बऱ्याच दिवसांनी दोन ओळींचा ईमेल आला. तुमच्या अर्जाचा पुढे विचार करता येत नाही. कारण सांगायची त्यांची पद्धत नव्हती.

मी रडले, मैत्रिणींनी मला पिझ्झा खाऊ घातला, आठवडाभरात मी परीक्षेच्या अभ्यासाला लागले. पप्पांचं तसं झालं नाही. फोनवर त्यांनी एकच प्रश्न विचारला, "माझ्यामुळं?" मी म्हणाले, "माहीत नाही पप्पा. हजार कारणं असतात. शंभरातली एक-दोन मुलं घेतात ते." हे खरंच होतं. पण ते "बरं" म्हणाले तो आवाज मला ओळखू आला नाही. पुढच्या रविवारी फोन केला तेव्हा मागे अलार्म वाजत नव्हता. आई म्हणाली, आम्ही टोस्ट खाल्ला.

मग एका मंगळवारी दुपारी आईचा फोन आला. ती एका प्रायमरी स्कूलमध्ये टीचिंग असिस्टंट होती आणि शाळेच्या वेळात कधीच फोन करत नसे. "मित्रा, पप्पा तुझ्याकडे आलेत का गं? लॅबमधून विचारत होते, आज आलेच नाहीत म्हणे. आणि त्यांचा नेव्ही सूट कपाटात नाहीये." मी काही बोलायच्या आतच फोनवर एक मेसेज आला. मिसेस प्रोबर्टचा. "तुझे वडील माझ्याकडे आहेत. ठीक आहेत. धावत येऊ नकोस."

मी धावतच गेले. विद्यापीठातल्या त्यांच्या खोलीचं दार उघडंच होतं. पुस्तकांनी भरलेल्या त्या बारक्या खोलीत पप्पा खुर्चीच्या अगदी कडेवर बसले होते. सूट पोटावर ताणलेला, टाय व्यवस्थित, आणि टेबलावर विद्यार्थ्यांच्या पेपरांवर अलॉटमेंटमधल्या मेथीची जुडी. मला बघून ते उठायला लागले, जसं काही मीच कोणी साहेब होते.

"बैस," ते मला म्हणाले, आणि इंग्रजीत बाईंना, "मॅडम, हिला काही माहीत नव्हतं. मी स्वतःहून आलो."

त्यांची समजूत अशी झाली होती की मिसेस प्रोबर्ट त्या लोकांच्या वरिष्ठ आहेत. त्यांनी एक फोन केला की झालं. माझा भाऊ शिक्षक होता, धोकादायक माणूस नव्हता, त्याची शिक्षा माझ्या मुलीला नको, एवढं सांगायला ते सकाळची गाडी पकडून कार्डिफला आले होते. आपल्या हातात असं काही नाही, हे बाईंनी त्यांना दोनदा सांगितलं होतं. तरीही पप्पांनी सगळी गोष्ट सांगितली होती. ठोंबरे, सायकलचं दुकान, मायचा चहा, लू, बंद दार. मी पोचले तेव्हा गोष्ट संपली होती.

मग मिसेस प्रोबर्ट बोलल्या. त्या नेहमी वर्गाला ऐकू जाईल अशा आवाजात बोलायच्या, तेव्हा मात्र हळू बोलत होत्या. "मिस्टर मेश्राम, तुमच्या ठोंबरेंचा कागद ज्या टेबलावर जातो ना, तशा टेबलामागे मी बसलेली आहे. तुमच्या गावात नाही, दुसरीकडे. चाळीस माणसं आणि बंद दार असं लिहून आलं असतं, तर मीही तेवढंच वाचलं असतं. बाळ आहे हे मला दिसलं नसतं."

पप्पा त्यांच्याकडे बघत राहिले. मला वाटलं, आता ते उठतील आणि निघून जातील.

"त्या बाळाचं नाव काय ठेवलं?" बाईंनी विचारलं.

इतक्या वर्षांत हे पप्पांना कोणी विचारलं नव्हतं. "नाव," ते म्हणाले, "नाव राहिलंच, मॅडम. दादा आत होता, कोणाला सुचलं नाही. नंतर शाळेत घालताना मास्तरांनी काहीतरी लिहिलं. पण सगळे त्याला बाळ्याच म्हणतात. ऑटो चालवतो. दोन पोरांचा बाप आहे." मग त्यांना बाळ्याचं इंग्रजी करून सांगावंसं वाटलं. "ही इज स्टिल कॉल्ड बेबी, मॅडम."

मिसेस प्रोबर्टना हसू आलं आणि त्यांनी तोंडावर हात धरला. पण पप्पाच आधी हसले. हसत सुटले. खांदे हलायला लागले, टाय वाकडा झाला, आणि कधीतरी मध्येच ते हसणं राहिलं नाही. माझ्या वडिलांना रडताना मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं. बाईंनी टिश्यूचा डबा पुढे केला नाही, खिडकीबाहेर बघितलं नाही, पावसाबद्दल बोलल्या नाहीत. नुसत्या बसून राहिल्या. बऱ्याच वेळाने म्हणाल्या, "हिला का घेतलं नाही ते मला माहीत नाही आणि कधी कळणारही नाही. तुम्ही हिला खरं सांगायला लावलंत. ते तुमचं चुकलं नाही, एवढं मी सांगू शकते."

पप्पांनी मान हलवली. निघताना मेथी त्यांच्या हातात दिली आणि ती बटाट्याबरोबर कशी परतायची ते मला भाषांतर करून सांगायला लावलं.

स्टेशनवर मी त्यांना सोडायला गेले आणि तशीच गाडीत बसले. माझ्याकडे पर्स आणि फोन, बाकी काही नव्हतं. पप्पा म्हणाले, "अबे, उद्या कॉलेज नाही का तुले?" आणि खिडकीकडची जागा मला दिली. तो नेमका शांततेचा डबा होता, फोनवर बोलू नका, आवाज करू नका अशी पाटी लावलेला. न्यूपोर्ट गेलं आणि पप्पा बोलायला लागले. सेव्हर्नच्या बोगद्यातही थांबले नाहीत. समोरच्या बाकावरचे गृहस्थ दोनदा खाकरले आणि शेवटी त्यांनी बोटाने पाटी दाखवली. पप्पा फार अदबीने म्हणाले, "सॉरी सर. मी माझ्या मुलीला माझ्या भावाबद्दल सांगतो आहे," आणि तेवढ्याच आवाजात पुढे सांगायला लागले. ते गृहस्थ उठून दुसऱ्या डब्यात गेले. आई पॅडिंग्टनला घ्यायला आली तेव्हाही आमचं संपलं नव्हतं. तिला बघून पप्पा म्हणाले, "थांब, एवढं होऊ दे," आणि आम्ही तिघं प्लॅटफॉर्मवरच उभे राहिलो.

मी पुढे कार्डिफमध्येच राहिले. हॉस्पिटलांत कुठला संसर्ग किती वेगाने पसरेल याचे अंदाज बांधते. हाताखालच्या मुलांना दिवसातून दहा वेळा विचारते, तुला हे कसं कळलं? त्या खात्याची रुखरुख कधीच गेली. पप्पाही गेले, आणि त्यांच्यामागे मी त्या गाडीतल्या प्रवासाकडे पुन्हा पुन्हा जाते. मोठेबाबा पोहायला घाबरत. त्यांना चिंचेची चटणी प्राणापलीकडे आवडे. परीक्षेच्या दिवशी ते वस्तीतल्या प्रत्येक पोराला स्वतःच्या हाताने पेनात शाई भरून देत. संध्याकाळी सायकलवरून येताना ते शिट्टीवर एक गाणं वाजवत, आणि गल्लीच्या तोंडाशी ती शिट्टी ऐकू आली की माय चुलीवर तवा ठेवायची. कुठलं गाणं तेही पप्पांनी सांगितलं होतं, अर्धं वाजवूनही दाखवलं होतं. मला ते आठवत नाही. ऐकताना वाटलंच नाही की हे हरवेल. पुन्हा विचारता येईल असं वाटत होतं.

मध्यंतरी मी आईला विचारलं. तिचं लग्न होऊन ती त्या घरात आली तेव्हा मोठेबाबा नव्हतेच. मग बाळ्यादादाला फोन लावला. मागे रस्त्याचा गोंगाट होता, तो सवारीची वाट बघत ऑटोत बसला होता. मी विचारलं, तुझे बाबा शिट्टीवर कुठलं गाणं वाजवायचे, तुला कोणी सांगितलं होतं का?

"मले कसं माहीत असन, मित्रा?" तो म्हणाला. "ते गेले तेव्हा मी धड बोलतही नव्हतो. आणि घरात कोणी त्यायच्याबद्दल बोलतच नव्हतं. शिट्टी वाजवायचे का ते?"

"हो," मी म्हणाले. "सायकलवरून येताना."

मग ऑटोचं इंजिन बंद केल्याचा आवाज आला.

"आणखी काय करायचे?"

मग मला आठवत होतं ते सगळं मी त्याला सांगायला लागले. मध्ये तो एकदाच बोलला.

"हळू सांग," म्हणाला.